टेप न लावता कापलेले अकरा कोट

दुकानाचा एक नियम होता आणि तो आता गिऱ्हाइकांनाही पाठ झाला होता: आज खडू, उद्या कात्री. धाकटे मास्तर कापडावर खडूने आखणी करायचे, मग ते कापड रात्रभर तसंच टेबलावर पसरलेलं राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर सगळ्या रेघा पुन्हा टेपने तपासून मगच त्यावर कात्री चालायची. एखाद्या घाईच्या गिऱ्हाइकाने कुरकुर केली की ताई चष्म्यावरून बघत म्हणायची, "शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही. एक रात्र मध्ये जाऊ दे."

हा नियम शहाणपणातून आलेला नव्हता, तो निस्तरण्यातून आलेला होता. आणि दुकानाची पाटी जरी 'मास्तर' म्हणत असली, तरी गेले चौदा महिने घरच्या साध्या कात्रीने कापत होती ताई. धाकटा आखायचा, ती कापायची. वडिलांची ती बारा इंची जड कात्री टेबलाच्या खणात कुलपात असायची आणि खणाची किल्ली ताईच्या चष्म्याच्या दोरीला बांधलेली असायची. त्यामुळे ताईने मान हलवली की बारीक किणकिण व्हायची. त्या आवाजाची धाकट्याला सवय झाली होती, पण सवय होणं वेगळं आणि आवडणं वेगळं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी धाकट्याचं डोकं फिरलं. हे शब्द त्याचेच. डॉक्टरीणबाई त्याला बायपोलर म्हणायच्या आणि त्यातली ती चढती बाजू म्हणजे उन्माद, असं समजावून सांगायच्या. सहा रात्री तो झोपला नव्हता आणि थकलाही नव्हता. सगळ्या गावाचे कोट आपल्याला हवेत दिसतात, असं तो येईल त्याला सांगत सुटला होता. सातव्या रात्री त्याने टेप खिडकीबाहेर भिरकावला. "टेप खोटा बोलतो, डोळा बोलत नाही," असं म्हणून शेल्फवर शिवायला पडलेलं सगळं कापड खाली ओढलं आणि सकाळपर्यंत निव्वळ डोळ्याच्या अंदाजाने अकरा कोट कापून मोकळा झाला. सकाळी ताई जिना उतरून आली तेव्हा तो शीळ घालत चिंध्या गोळा करत होता.

त्यातले चार कोट पार वाया गेले. एक तर नवऱ्या मुलाचा होता, त्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड. नवरा मुलगा लग्नात सबंध वेळ एक हात खिशात घालून उभा राहिला म्हणतात. उरलेले सात मात्र अंगावर बसले. नुसते बसले नाहीत, तंतोतंत बसले. गिऱ्हाइकं येऊन सांगून गेली की असा कोट आयुष्यात घातला नव्हता.

पुढे धाकटा तीन आठवडे इस्पितळात होता. घरी आला तो आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडला. खडूचा तुकडा उचलायचा म्हणजे धोंडा उचलल्यासारखं वाटायचं, आणि पायात कुठला मोजा घालावा हे ठरवता न आल्याने दुपार जायची. मग औषध लागू पडलं. हळूहळू तो खाली येऊन बसायला लागला, मग काज करायला, मग आखायला. चौदा महिने झाले, गाडी रुळावर होती. रोज रात्री गोळ्या, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी, वेळेवर झोप. गोळीने हाताला बारीक कंप आला होता, तो गेला नाही. त्यावर त्याने आपला उपाय काढला होता: रेघ ओढताना मनगट लाकडी पट्टीवर टेकवायचं. रेघ सरळ यायची, फक्त वेळ दुप्पट लागायचा.

"आजार आवरलाय," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "गेला असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका. पण आवरलेला आजार घेऊन माणसं म्हातारी होतात, धंदा करतात, भांडतात. तुम्हीही कराल." बाई मोठमोठं बोलायच्या नाहीत, म्हणून त्या त्याला आवडायच्या.

फक्त एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. वाया गेलेले चार कोट नव्हेत. त्यांची लाज होती, पण लाज जुनी झाली की माणूस तिच्याशी जमवून घेतो. त्याला सलत होते ते सात. आजाराने त्याला असा डोळा दिला होता आणि औषधाने तो काढून घेतला, मग हाती उरलं काय, तर टेप, पट्टी आणि थरथरणारं मनगट. आपण बरे झालो की साधे झालो, हे त्याला ठरवता येत नव्हतं. एकदा त्याने हे डॉक्टरीणबाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला कोटातलं काही कळत नाही हो." ताईला विचारायचं त्याच्या जिवावर आलं.

अशात एका सोमवारी बँडचे मुख्य दुकानात आले. गावच्या हौशी वादकांचा बँड, पण मुख्यांची ऐट सेनापतीची. अंगात तोच कोट, सातांतला एक.

"बावीस कोट," ते म्हणाले. "बाटलीसारखा हिरवा रंग, उभी कॉलर. बँडला पन्नास वर्षं होतायत, दीड महिन्यात कार्यक्रम आहे. आणि मास्तर, हा माझा कोट तुम्ही टेप न लावता कापला होता ना? आम्हा सगळ्यांना तसेच करा. बावीस जणांना मापं द्यायला कुठे आणत बसू? तुम्ही तालमीला या, नुसतं बघा."

ताईची किल्ली किणकिणली.

"बघायला येईन," तो म्हणाला, "पण टेप घेऊन येईन."

"जशी तुमची मर्जी," मुख्य म्हणाले, आणि दाराशी थांबून स्वतःच्या बाह्या न्याहाळत पुन्हा म्हणाले, "पण कोट म्हणजे कोट आहे."

ते गेल्यावर ताईने मशीन थांबवलं. कोपऱ्यात दाजी काज करत बसले होते. ताईचे यजमान निवृत्त झाल्यापासून दुकानात काज-बटणाचं काम बघायचे आणि उरलेल्या वेळात जुने विनोद सांगायचे. त्यांच्याकडे एकदा पाहून ताई म्हणाली, "धाकट्या, बावीस कोट माझ्या मनगटाने होणार नाहीत. आणि डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या की कात्रीचं तुम्ही दोघं ठरवा. तू मापं घे, आखणी कर. पुढच्या सोमवारी कात्री तुझ्या हातात."

"खरं म्हणतेस?"

"मी कधी थट्टा केलीय? ते खातं यांच्याकडे आहे."

दाजींनी सुई वर करून मान्य केलं.

धाकट्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, वडिलांची कात्री परत मिळणार म्हणून लहान मुलासारखा हरखला. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याची कात्री कुलपात गेली आहे त्यालाच ते कळेल.

बुधवारी आणि गुरुवारी तो तालमीच्या हॉलमध्ये गेला. ताई वही घेऊन सोबत. तो मापं सांगायचा आणि ती लिहायची. बावीस माणसं म्हणजे बावीस तऱ्हा होत्या. बासरीवाला श्वास रोखून उभा राहायचा. कर्णेवाल्याची छाती मोजली तर त्याने फुंकताना पुन्हा मोजायला लावली, आणि बरोबरच होतं त्याचं, दोन बोटं वाढली. ढोल वाजवणाऱ्या बाईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. तिने आधीच बजावलं, "वर खांद्यात काही भरू नका. आहे तशी दिसू दे." धाकट्याने काही भरणार नाही असा शब्द दिला. वर्षं लोटली होती, इतक्या माणसांना त्याने हात लावला नव्हता. परत येताना तो शीळ घालत होता हे त्याला कळलंही नाही. ताईला कळलं.

धाकटा, ताई आणि डॉक्टरीणबाई यांनी मिळून एक कागद केला होता, त्यावर आजाराच्या चाहुली लिहिल्या होत्या: झोप कमी होणं, शीळ, भरमसाट खरेदी, माणसांना टोपणनावं देत सुटणं, टेपबद्दल वाईट बोलणं. पण कामाला निघालेला माणूस शीळ घालतोच. एवढ्यावरून कुणी डॉक्टरला बोलवायला लागला तर सगळ्या जगाला गोळ्या द्याव्या लागतील.

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झालं. ताई आणि दाजी वर गेले होते. धाकटा हिरवा तागा टेबलावर उलगडून ढोलवाल्या बाईंच्या कोटाची आखणी करत होता. तिच्या खांद्याचं माप पुन्हा बघायला त्याने मापांची वही ओढली आणि घाईत ती मागच्या बाजूने उघडली गेली. मागच्या पानांवरही मापं होती. वर ताईच्या गोल अक्षरात नाव होतं: धाकटा.

छाती, कंबर काही नव्हतं. एका ओळीत एक दिवस, आणि अशा ओळी पानामागून पान. चौदा महिन्यांच्या.

'झोप ७. जेवण दोन्ही वेळ. शीळ नाही. बोलणं बेताचं.' 'झोप ६. सर्दीमुळे असावी.' 'निळा स्वेटर घेतला. एकच घेतला.' 'आज यांच्या विनोदावर हसला. विनोद चांगला नव्हता. लक्ष ठेवणे.'

समोर बसून बावीस माणसांची मापं लिहिणारी ही सख्खी बहीण आपल्या पाठीमागे आपलंच माप घेत होती. कागद ठरला होता, तो तिघांनी ठरवला होता. ही वही कुणी ठरवली? वर जाऊन विचारावं म्हणून तो जिन्यापर्यंत गेलासुद्धा, आणि पहिल्या पायरीवर थबकला. आवाज चढवला तर उद्याच्या ओळीत 'चिडला' असं येईल. धडधाकट माणसाला बहिणीवर रागवायची मोकळीक असते, ती त्याला नव्हती. सगळ्यात जास्त राग त्याला याच गोष्टीचा आला.

तो परत आला, दोन पेले पाणी प्यायला आणि शेवटचं पान वाचायला बसला.

'गुरुवार. झोप ७. शीळ थोडी.' आणि त्याखाली: 'शुक्रवार. झोप साडेसहा. शीळ. कामाचा आनंद असावा. सोमवारी कात्री द्यावी.'

इथे त्याचा राग एकाएकी पांगळा झाला, कारण या दोन ओळी खोट्या होत्या. ताईने खोट्या लिहिल्या नव्हत्या. त्यानेच तिला फसवलं होतं. गुरुवारी रात्री तो जेमतेम चार तास झोपला होता. शुक्रवारी साडेतीन. वरच्या दोन खोल्यांमध्ये नुसती फळ्यांची भिंत, कूस बदलली तरी पलंग करकरतो, म्हणून तो पाठीवर पडून हात न हलवता छताकडे बघत राहिला होता. सोमवारपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही, मग काय, कात्री हातात आली की आपोआप झोप लागेल. आणि त्या पडल्या पडल्या त्याला बावीस कोट दिसत होते. एकेक, हवेत, शिवून तयार. आज पहाटे तर अगदी स्वतःच्या, ओळखीच्या, शांत आवाजात डोक्यात आलं होतं: टेप कशाला हवा?

त्या वेळी त्याला ते खरं वाटलं होतं. आता खाली बसून, समोर ताईचं अक्षर असताना, ते त्याने पुन्हा ऐकलं आणि त्यातली चाहूल ओळखली. दोन वर्षांपूर्वीही सुरुवात आरडाओरड्याने झाली नव्हती. ती इतक्याच सभ्यपणे झाली होती.

वहीतली ओळ तशीच ठेवली तर सोमवारी कात्री त्याची होती. कुणी चौकशी करणार नव्हतं. खोटं बोलावंही लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. त्याने मनगट पट्टीवर टेकवून पेन्सिलीने सातवर काट मारली आणि शेजारी चार लिहिले. साडेसहावर काट मारली, तिथे साडेतीन. खाली एक ओळ घातली: 'पहाटे वाटलं, टेप कशाला हवा.' हाताचा कंप अक्षरात उतरला, तो त्याने तसाच राहू दिला.

वही त्याने मिटली नाही. हिरव्या कापडावर, खडूच्या रेघांशेजारी उघडी ठेवली आणि वर जाऊन गोळ्या घेतल्या. शेवटी नियम म्हणजे नियम, रात्र मध्ये जायला हवी. खोडरबर खाली टेबलावरच होतं आणि जिना बारा पायऱ्यांचा होता, हे त्याला झोप लागेपर्यंत आठवत राहिलं. तो उठला नाही.

रविवारी सकाळी तो खाली आला तेव्हा ताई टेबलाशी उभी होती. चष्मा डोळ्यांवर, बोट वहीतल्या ओळीवर. दाजी नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते, पण हातात सुई नव्हती.

"हे वाचून तू चिडायला हवा होतास," ताई म्हणाली.

"चिडलो होतो. जिन्यापर्यंत जाऊन आलो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू लिहिलं असतंस."

ताईने मान खाली घातली. ती सहसा घालायची नाही. "लिहिलं असतं," ती म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही रे. तू बरा होतोयस हे मला बघून कळत नव्हतं. बघायला गेलं की भीती वाटायची. लिहिलं की कळायचं. सात, सात, साडेसहा. मग मी जेवायची."

धाकटा स्टूल ओढून बसला. "पण मी किती वाजता झोपतो हे तुला कळायचं कसं?"

"ऐकायचे मी. भिंतीपलीकडे पलंग वाजायचा थांबला की झोपलास."

"मी मुद्दाम हललो नाही दोन रात्री. तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मीसुद्धा हलत नाही," ताई म्हणाली. "तुला ऐकू जाऊन तुझी झोप मोडू नये म्हणून."

फळीच्या अल्याड एक आणि पल्याड एक, दोन शहाणी माणसं श्वास आवरून एकमेकांना झोपलेली समजत पडली होती.

"म्हणजे चौदा महिने तू जागीच आहेस," तो म्हणाला.

"चौदा नाही. मधेमधे डोळा लागतो."

"मी आठ तास झोपतो," दाजी कोपऱ्यातून म्हणाले. "पण माझं पान कुणी काढलं नाही."

कुणी हसलं नाही, पण खोलीतली हवा जरा सैल झाली. ताईने चष्मा काढला, दोरीची गाठ सोडवायला बसली. गाठ जुनी, बसलेली. तिने दाताने ओढली, दाभणाने उकलली, मग किल्ली सुटी करून टेबलावर त्याच्यापुढे सरकवली.

"ताई, मी लिहिलंय काय ते बघितलंस ना? मला उद्या कात्री देऊ नकोस."

"कात्री देतच नाहीये. किल्ली देतेय. ज्याला कुलूप केव्हा उघडू नये हे कळतं, त्याच्याकडे किल्ली असावी. आता तू सांगशील त्या दिवशी खण उघडायचा. तोवर मी घरची साधी कात्री घेऊन बाह्या कापते. आणि हे पान आता तूच भर. मला वाचायला दे म्हणजे झालं."

"एका अटीवर. पलीकडच्या पानावर तुझंही नाव घालायचं."

ताईने तोंड वाकडं केलं, पण नाही म्हटलं नाही. त्याने पलीकडच्या कोऱ्या पानावर 'ताई' असं लिहिलं आणि पेन्सील रोखून वाट बघत बसला. "काल?"

"चार," ताई म्हणाली. "फार तर."

सोमवारी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. वही सोबत नेली. बाईंनी दोन्ही पानं वाचली, रात्रीची एक गोळी काही दिवसांसाठी वाढवली, रक्त तपासायला सांगितलं, संध्याकाळनंतर कामाला हात लावायचा नाही अशी तंबी दिली, आणि जाता जाता ताईलाही एका दिवशी एकटीने यायला सांगितलं. "लवकर आलात," त्या धाकट्याला म्हणाल्या. "लवकर येणं हाच निम्मा उपचार आहे." बँडच्या मुख्यांना धाकट्याने स्वतः सांगितलं की माझी झोप बिघडली आहे, आठ-दहा दिवस कापणी पुढे जाईल. मुख्य रागावतील अशी त्याची कल्पना होती. पण ते म्हणाले, "कापड काही पळून जात नाही. आमच्या कर्णेवाल्याला तर अजून सूर सापडायचाय."

पहिल्या तीन ओळी काही धड नव्हत्या. पाच, साडेचार, पाच. मग सहा. मग दोन दिवस सात, आणि त्या सातांवर आता कुणाला काट मारायची नव्हती. ताईच्या पानावर आधी पाच आले, मग एके दिवशी एकदम आठ. त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं. हवेत दिसणारे कोट एकेक करून गेले. जाताना थोडं वाईट वाटलं, हे त्याने वहीत लिहिलं, कारण ते खरं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, धाकट्याने ढोलवाल्या बाईंच्या कोटाच्या रेघा टेपने तपासल्या. मग खिशातून किल्ली काढून खण उघडला. कात्री तेल पाजलेली होती. म्हणजे ताई चौदा महिने तिची निगा राखत होती. तिने कधी सांगितलं नव्हतं. त्याने कात्री उचलली, कापडाच्या कडेशी नेली आणि तिथेच थांबला.

"काय झालं?" ताईने मशीनवरून विचारलं.

शेवटी ते त्याच्या तोंडून निघालंच. "तेव्हा नुसत्या डोळ्याने सात कोट बिनचूक कापले होते. आज टेप लावून एक कापायचा तर हात धजत नाही. मला सारखं वाटतं ताई, तेव्हाचाच कारागीर खरा होता."

ताईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "सात नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"सात नव्हते रे. तू इस्पितळात होतास तेव्हा सगळे मीच शिवले ना? लोकांना कच्च्या टाक्यांत घालून बघितले. कुणाच्या बगलेत आवळायचा, कुणाच्या पाठीत झोळ. मी उसवून उसवून बसवले. पाच कोट असे बसवले. चार काही केल्या बसेनात, ते गेले. मुळात तू कापलेले तसेच्या तसे बसले ते दोन."

"अकरात दोन?"

"अकरात दोन."

"आणि मुख्यांचा?"

"त्यांचा तर दोन्ही बगलांत सोडवला आणि पाठीत आवळून घेतला. तीन दिवस लागले मला. तू आठ महिने पडून होतास, तोंडाने एकच सांगायचास, सात बसले, सात बसले. तेवढंच तुझ्याकडे होतं. ते कसं काढून घेऊ? आणि पुढे सांगायचं राहूनच गेलं."

धाकटा कात्री हातात धरून उभा होता. दोन वर्षं ज्या दैवी डोळ्यासाठी तो झुरत होता, तो डोळा अकरात दोन वेळा बरोबर निघाला होता. इतकं तर दाजींनाही जमलं असतं.

"पण एक सांगते," ताई म्हणाली. "मला ते बसवता आले का, तर तू आत जादा कापडाचं मार्जिन सोडलं होतंस म्हणून. अकराच्या अकरा कोटांना, सगळ्या शिवणींना, दीड दीड बोट. तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं, टेप खिडकीबाहेर होता, पण हात मार्जिन सोडायला विसरला नव्हता. तो कारागीर कुठे गेलेला नाही. तो तेव्हाही तूच होतास."

धाकट्याचे ओठ हलले. आधी वाटलं रडतोय. मग तो हसायला लागला. मुख्यांची ती बाह्या न्याहाळण्याची ऐट त्याला आठवली, आणि हसू काही केल्या आवरेना. त्याने कात्री खाली ठेवली, टेबलाला धरलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. ताईही हसायला लागली. दाजींना काय झालं ते कळलं नाही, पण तेही हसले.

हसता हसता सवयीने ताईचा हात पेन्सिलीकडे गेला आणि वाटेतच थांबला. धाकट्याने ते पाहिलं. त्याने पेन्सील उचलली, वही मागून उघडली, आणि आजच्या ओळीत झोपेच्या सातापुढे लिहिलं: 'खूप हसलो. कारण होतं.'

मग त्याने वही तिच्याकडे सरकवली, डोळे पुसले, मनगट पट्टीवर टेकवलं आणि खडूच्या रेघेपासून दीड बोट मार्जिन सोडून कात्री चालवली.